मोठ्या टाइल्ससाठी उंचसखल जमीन सपाट कशी करावी

मोठ्या टाइल्सचं काम बिघडलं की दोष आधी टाइलला दिला जातो, मग ती बसवणाऱ्याला. सांध्यापाशी एक कड वर आणि एक खाली, चालताना बोटाला लागणारी ठेच, टकटक केलं की पोकळ वाजणारा कोपरा, काही महिन्यांनी मधोमध गेलेली चीर. यांपैकी बहुतेक दुखणी पहिली टाइल उचलण्याआधीच जमिनीत असतात. जे पहिल्यांदाच हे काम स्वतः करणार आहेत किंवा उभं राहून करून घेणार आहेत, त्यांच्यासाठी टाइलच्या खालचं काम इथे क्रमाने मांडतो आहे. सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा असं विचाराल, तर मोजणीला. मोजणी नीट झाली की कुठे घासायचं आणि कुठे भरायचं हे जमीनच सांगते.

मोठ्या टाइललाच एवढा त्रास का

अमेरिकेतल्या टाइलकामाच्या मानकांनुसार एक जरी बाजू १५ इंच, म्हणजे साधारण ३८० मि.मी. किंवा त्याहून लांब असली, तरी ती मोठी टाइल. त्या हिशेबाने सर्रास वापरली जाणारी ६०० × ६०० ची टाइलही मोठीच, ६०० × १२०० ची तर विचारायलाच नको.

ही टाइल वाकत नाही, सगळी अडचण तिथे आहे. समजा, जमिनीवर ३ मि.मी.चा उंचवटा आहे आणि तो दोन्ही बाजूंना अर्ध्या-पाऊण मीटरभर हळूहळू उतरत गेला आहे. २०० मि.मी.च्या लहान टाइल्स त्या उतारावरून एकेक करून वळत जातात. एका टाइलमागे जेमतेम १ मि.मी.चा फरक पडतो आणि तो डोळ्याला कळतही नाही. त्याच उंचवट्यावर १२०० मि.मी. लांबीची टाइल मधोमध टेकवा आणि तिचं एक टोक दाबून जमिनीला लावा. दुसरं टोक ६ मि.मी. वर जातं. खड्ड्यावर याच्या उलट होतं. टाइल दोन टोकांवर टेकते आणि पोटाखाली पोकळी राहते. तिथे कपाटाचा पाय आला किंवा काही जड पडलं की ती तडकते.

यावर ‘तिथे ॲडहेसिव्ह जाड लावू’ हा उपाय सर्रास केला जातो. तो करू नका. ॲडहेसिव्ह वाळताना आकसतं. थर जाड असेल तर जास्त, पातळ असेल तर कमी. एकाच टाइलखाली एकीकडे ४ मि.मी. आणि दुसरीकडे १५ मि.मी. थर असला, तर बसवताना अगदी बरोबर दिसणारी टाइल वाळल्यावर एका कोपऱ्यात खाली गेलेली दिसते. शिवाय प्रत्येक ॲडहेसिव्हच्या पिशवीवर थर जास्तीत जास्त किती जाड चालेल ते छापलेलं असतं, आणि खड्डे बुजवायला ते बनवलेलंच नसतं. लेव्हलिंग क्लिपांकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. शेजारच्या दोन कडा एका पातळीत धरून ठेवणं एवढंच त्यांचं काम. खाली उंचवटा तसाच असेल तर क्लिप टाइलला एका कडेला ओढते आणि दुसऱ्या कडेला ती ॲडहेसिव्हपासून सुटते.

सपाट म्हणजे किती सपाट

सपाट असणं वेगळं आणि लेव्हलमध्ये असणं वेगळं. बाथरूमची जमीन जाळीकडे उतरती असते, म्हणजे ती लेव्हलमध्ये नसतेच, तरी सपाट असू शकते. उलट एखाद्या खोलीचे चारही कोपरे एकाच उंचीवर असतील आणि मधे जमीन नुसती हेलकावत असेल. मोठ्या टाइलला गरज सपाटपणाची आहे. खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत १० मि.मी.ने उतरत असेल, पण तो उतार सरळ एकसारखा असेल, तर टाइल्स सुंदर बसतात. नवशिके इथे फसतात. लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला नाही म्हणून अख्ख्या खोलीत भर टाकतात, दार अडकायला लागतं आणि मूळ उंचवटा तसाच राहतो.

मोठ्या टाइलसाठी त्याच मानकांतली मर्यादा अशी: १० फुटांत १/८ इंच, म्हणजे साधारण ३ मीटरला ३ मि.मी., आणि २ फुटांत १/१६ इंच, म्हणजे ६०० मि.मी.ला दीड मि.मी. लहान टाइल्सना याच्या दुप्पट फरक चालतो, म्हणूनच जुन्या लहान टाइल्सखाली जी जमीन ठीक वाटत होती ती मोठ्यांना चालत नाही. ३ मीटरचा पाटा, म्हणजे सपाटपणा तपासायची सरळ कडेची लांब पट्टी, नसेल तर २ मीटरच्या पाट्याखाली कुठेही ३ मि.मी.पेक्षा जास्त फट नको, असं धरून चाला. मी स्वतः २ मि.मी.चा आग्रह धरतो, कारण टाइललाही थोडा बाक असतो आणि दोन्ही फरक एकाच दिशेने आले की कडा वरखाली होतातच.

ओल्या जागेत ढाळ हवाच. मीटरला १० ते २० मि.मी. हे साधारण प्रमाण. जाळी मधे असेल तर चारही बाजूंनी ढाळ येतो आणि मोठी टाइल तिरकी कापल्याशिवाय बसत नाही. अशा ठिकाणी भिंतीलगत लांब पट्टीची जाळी घेऊन सगळा ढाळ एकाच दिशेला द्या किंवा तेवढ्या भागात लहान टाइल्स लावा. हा निर्णय ढाळ करण्याआधीच घ्यायचा असतो.

आधी जमीन पक्की आहे का ते तपासा

पोकळ किंवा भुसभुशीत जमीन कितीही सपाट केली तरी उपयोग नाही. म्हणून मोजणीच्याही आधी ही तपासणी.

हातोडी घ्या आणि हातभर अंतरावर हलकेच ठोकत सगळी खोली फिरा. खणखणीत आवाज आला तर पुढे चला. बद्द, पोकळ आवाज आला की तिथे खडूने वेटोळं काढा. तिथला कोबा खालच्या स्लॅबपासून सुटलेला असतो. तेवढा भाग छिन्नीने काढून टाकावा लागतो, त्याच्यावर काहीही भरून भागत नाही. पुष्कळदा ज्याला आपण उंचवटा समजतो तो असा फुगून सुटलेला कोबाच असतो.

मग एक खिळा घेऊन जमिनीवर जोर देऊन रेघोट्या ओढा. नुसता ओरखडा उठला तर ठीक. पांढरट भुकटी निघाली आणि खिळा आत रुतला, तर वरचा थर कच्चा आहे, तो घासून काढायला हवा. पुढे चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. पाणी मिनिटा-दोन मिनिटांत जमिनीत जिरलं तर चांगलं. मण्यासारखं वर उभं राहिलं तर तिथे तेल, मेण, रंग किंवा सीलर आहे, आणि त्यावर प्रायमरही धरत नाही. ॲसिडने धुण्याचा मोह टाळा. ॲसिडचा अंश आत राहिला तर तो पुढे सिमेंटचीच पकड खातो. घासून काढणं हाच खात्रीचा मार्ग.

छताचं आणि भिंतींचं काम होऊन गेलेलं असेल तर जमिनीवर पीओपी आणि पुट्टीचे थापे पडलेले असतात. ते बारीक दिसतात म्हणून सोडून दिले जातात. सोडू नका. जिप्सम आणि ओलं सिमेंट यांचं जमत नाही. ओल मिळाली की दोघांच्या मधे फुगणारे क्षार तयार होतात आणि वरचा थर उचलला जातो. एकेक थापा पटाशीने खरवडून काढा.

काँक्रीट नवीन असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या. या काळात ते पाणी सोडून आकसत असतं. ओल अजून आहे का हे बघायला साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक जमिनीवर पसरा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि निदान १६ तास तसंच ठेवा. उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळपट पडली असेल तर ओल आहे. ती कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चिरांकडे नीट बघा. केसासारखी बारीक, दोन्ही कडा एकाच पातळीत असलेली चीर बहुधा आकसण्याची असते. ती साफ करून भरता येते आणि वर चीर रोखणारी मेम्ब्रेन, म्हणजे लवचिक पातळ थर, लावता येते. चिरेवरून नख आडवं फिरवल्यावर एक कड वर लागत असेल किंवा चीर रुंद होत चालली असेल, तर जमीन हलते आहे. तो विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. आणि काँक्रीटमध्ये मुद्दाम सोडलेला एक्स्पान्शन जॉइंट कधीच बुजवायचा नाही. तो भरावातून आणि टाइलच्या सांध्यातून तसाच वर आणायचा आणि लवचिक सीलंटने भरायचा.

जुन्या टाइल्सवर नवीन लावणार असाल तर हीच ठोकण्याची परीक्षा प्रत्येक टाइलची घ्या. पोकळ वाजतील त्या काढा, बाकीच्यांची चकाकी घासून घालवा. जुन्या इमारतीत विनाइलच्या टाइल्स किंवा त्याखाली काळा डिंक सापडला तर मात्र तिथेच थांबा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे तपासून घेतल्याशिवाय त्याला ग्राइंडर लावायचा नाही.

मोजणी: जमिनीवरच नकाशा काढा

आधी हत्याराची परीक्षा. पाटा जमिनीवर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढा, मग पाटा टोकाला टोक बदलून तीच कड त्याच रेघेला लावा. रेघ आणि कड कुठेही वेगळ्या दिसल्या तर पाटा वाकलेला आहे, तो बदला. स्पिरिट लेव्हलचंही तसंच. एका जागी ठेवून बुडबुडा पाहायचा, मग टोकं फिरवून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूच्या भिंतीकडे तितकाच सरकायला हवा. नाहीतर लेव्हल खोटी.

आता भिंतीवर सगळीकडून एकाच पातळीची रेघ घ्या. लेझर असेल तर पटकन होतं, नसेल तर पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेही तितकंच अचूक होतं, फक्त नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. जमिनीपासून अंदाजे एक मीटर उंचीवर रेघ आली म्हणजे सोयीचं. खोलीत साधारण अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खडूने चौकटी आखा आणि प्रत्येक कोपऱ्यावर रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. मधल्या भागात भिंत नसते, तिथे लेझरची रेघ टेपवर घ्या किंवा समोरासमोरच्या रेघांमधे दोरी ताणून तिथून खाली मोजा. दोरी लांब असेल तर मधे झोळ पडतो, म्हणून ती कडक ताणा.

आलेला आकडा त्याच जागी जमिनीवर लिहा. १००२, ९९८, ९९७, १००४, १००६. आकडा मोठा तिथे जमीन खोल, आकडा लहान तिथे उंच. खोलीभर आकडे लिहून झाले की उभं राहून बघा. ९९७ आणि ९९८ एकाच कोपऱ्यात दाटलेले असतील तर तो उंचवटा. आकडे एका भिंतीकडून दुसरीकडे एकसारखे वाढत गेले असतील तर तो उतार आहे, खड्डा नव्हे, आणि त्याला हात लावायची गरज बहुधा नाही.

आकड्यांनी खोलीचा एकूण कल कळतो, पण दोन आकड्यांमधला बारीक फुगवटा सुटतो. त्यासाठी पाटा लागतो. पाटा एका भिंतीपाशी ठेवा, आडवा, उभा आणि दोन्ही तिरप्या दिशांनी, आणि निम्मा निम्मा पुढे सरकवत सगळी खोली पालथी घाला. पाटा मधे टेकून दोन्ही टोकं डुलत असतील तर तिथे फुली मारा. मधे फट असेल तर तिच्यात पट्टी किंवा जाडी माहीत असलेले पत्र्याचे तुकडे सरकवून खोली मोजा, गोल काढा आणि आत आकडा लिहा. तिरपी दिशा सोडू नका. आडव्या-उभ्यात सपाट वाटणारी जमीन कोपऱ्या-कोपऱ्यात पीळ खाल्लेली असते आणि मोठ्या टाइलचा चौथा कोपरा नेमका तिथे वर उठतो.

याच वेळी उंचीचा हिशेब करा. टाइल ९-१० मि.मी., खाली ॲडहेसिव्ह ५-६ मि.मी., म्हणजे सध्याच्या जमिनीवर साधारण १५ मि.मी. चढणार. दाराची खालची फट, शेजारच्या खोलीची फरशी, बाथरूमचा उंबरा, बाल्कनीचं पाणी आत येऊ न देणारी पायरी यांच्याशी हे जुळतं का? जुळत नसेल तर भर कमी आणि घासणं जास्त, हे इथेच ठरतं.

उंचवटे आधी

एक उंचवटा तसाच ठेवला तर बाकी सगळी खोली त्याच्या उंचीला आणावी लागते. १० चौरस मीटरच्या खोलीत सरासरी ४ मि.मी. भर टाकायची तर ४० लिटर मिश्रण लागतं. लेव्हलिंग कंपाउंड म्हणजे पाण्यात कालवून ओतायचा, पसरून सपाट होणारा सिमेंटचा तयार माल. त्याच्या एका चौरस मीटरच्या १ मि.मी. थराला साधारण १.७ किलो पावडर लागते असं धरलं, तर ही ६८ किलो झाली, म्हणजे २५ किलोच्या तीन पिशव्या. तो उंचवटा हातभर जागेचा असेल तर ग्राइंडरने तासाभरात उतरतो.

अँगल ग्राइंडरला काँक्रीटची डायमंड कप व्हील लावा, शक्यतो धूळ ओढणारं कव्हर आणि व्हॅक्यूम जोडून. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसाला कायमची इजा करते. साधा रुमाल चालत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, डोळ्यांना गॉगल आणि कानाला संरक्षण हवंच. चाक एका जागी दाबून धरू नका, वाटी पडते. गोलाकार फिरवत मध्यापासून कडेकडे या आणि दर काही मिनिटांनी थांबून पाटा लावा. सळई दिसू लागली किंवा खाली पाइप, वायर असल्याचा संशय आला तर तिथे घासणं बंद.

मग भर

एखाद-दुसरा उथळ खड्डा असेल तर पॅच मॉर्टर, म्हणजे खड्डे बुजवायचा सिमेंटचा तयार माल, पुरतं. खड्डा ओलसर करून किंवा त्याच्या प्रायमरने माखून माल भरायचा आणि पाटा दोन्ही बाजूंच्या पक्क्या जमिनीवर टेकवून ओढायचा, म्हणजे भर बरोबर शेजारच्या पातळीला येते. भर फार खोल असेल, २५ मि.मी.च्या वर, तर सिमेंट-वाळूचा कोबा करावा. खालच्या काँक्रीटला टाचे मारून, सिमेंटचा घोळ लावून, तो ओला असतानाच माल टाकायचा. याहून पातळ कोबा करू नका, तो लवकर वाळून तडकतो आणि सुटतो.

मोठ्या जागेवर काही मि.मी.ची भर हवी असेल तेव्हा सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड. जाडी किती चालते ते पिशवीवर पाहा, प्रत्येक मालाचं वेगळं असतं. नाव काहीही असलं तरी ते आपोआप सगळं करत नाही. पूर्वतयारीत चूक झाली की ते तितक्याच सपाटपणे उखडूनही येतं.

झाडून भागत नाही, व्हॅक्यूम मारा आणि हात फिरवून बघा. तळहात पांढरा झाला तर पुन्हा मारा. त्यानंतर त्याच कंपनीचा, त्या जमिनीसाठी सांगितलेला प्रायमर. जमीन फार शोषत असेल तर दोन हात. प्रायमर नसला की कोरडं काँक्रीट मालातलं पाणी ओढून घेतं आणि हवा वर सोडतं, मग पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं पडतात आणि माल पसरायच्या आधीच घट्ट होतो. भिंतीलगत सगळीकडे फोमची पट्टी लावा, दारात लाकडी पट्टीचा बांध घाला आणि पाइपाभोवतीच्या फटी बुजवा. हा माल पाण्यासारखा वाहतो, एक भोक सापडलं तरी खालच्या घरात पोचतो. खिडक्या बंद, पंखा बंद, जमिनीवर थेट ऊन नको.

पाणी मोजूनच घाला. ‘अजून थोडं पातळ केलं की छान पसरेल’ या एका विचाराने बरीच कामं बिघडली आहेत. जादा पाण्याने जड भाग खाली बसतो, वर खडूसारखा कच्चा थर येतो आणि टाइल त्याच थरासकट सुटते. बादलीत आधी पाणी, मग पावडर, ड्रिलला लावलेल्या मिक्सरने कमी वेगात, गुठळी राहणार नाही इतकं. माल हाताशी असतो तो बहुतेकदा दहा ते वीस मिनिटंच, म्हणून एकट्याने हे काम करू नका. एकाने सतत मिसळायचं, दुसऱ्याने ओतायचं आणि पसरायचं. सगळ्या पिशव्या फोडून, पाणी मोजून भरलेल्या बादल्या रांगेत ठेवून मगच सुरुवात करा. लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे या. आधीची धार ओली असतानाच पुढची बादली तिला भिडली पाहिजे. पसरल्यावर काट्यांचा रोलर हलक्या हाताने फिरवा, हवा निघते आणि दोन ओतण्यांमधली रेघ विरते.

बाथरूममध्ये ढाळ हवा असल्याने हा माल चालत नाही. तिथे ढाळाचा कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि किमान २४ तास पाणी साठवून परीक्षा, असा क्रम ठेवा.

पुन्हा पाटा, मग कोरडी मांडणी

माल पिशवीवर लिहिलेल्या वेळेइतका वाळला की पाट्याने अख्खी खोली पुन्हा तपासा. ओतण्याच्या सांध्यावर एखादी उंच रेघ, कडेला थोडी चढण, हे राहतंच. ते घासून घ्या, व्हॅक्यूम मारा.

त्यानंतर ॲडहेसिव्हशिवाय चार टाइल्स शेजारी शेजारी, सांध्याची फट सोडून मांडा. एकेका टाइलचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. टाइल डुलली तर खाली उंचवटा आहे किंवा टाइलच बाकदार आहे. कोणतं ते ओळखायला, टाइल चौरस असेल तर, तीच टाइल पाव वळ फिरवून त्याच जागी ठेवा. डुलणं जमिनीच्या त्याच कोपऱ्यात राहिलं तर दोष जमिनीचा, टाइलबरोबर फिरलं तर टाइलचा. दोन टाइल्स चकाकणाऱ्या बाजू समोरासमोर ठेवून कडेने बघितलं तरी बाक दिसतो. लांब आयताकृती टाइल्स विटांसारख्या लावायच्या असतील तर एका ओळीची सरक टाइलच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त ठेवू नका. अर्ध्यावर सरकवल्या की एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो आणि उत्तम जमिनीवरही कड वर दिसते.

जमीन तयार झाल्यावर टाइल लावायला चार दिवस लागणार असतील तर तिच्यावर पुठ्ठा किंवा जाड कागद अंथरा आणि रंगवाल्यांना, पुट्टीवाल्यांना आत येऊ देऊ नका. ॲडहेसिव्ह कालवण्याआधी ओलसर फडक्याने एकदा पुसून घ्या आणि जमीन सुकू द्या, मग पुन्हा व्हॅक्यूम मारा.